तान्ह्याचा रिपोर्ट वाचताना

प्रिय डॉक्टर,

वाळपईला रुजू होण्याआधी तू विचारलंस, तान्ह्या मुलांच्या किडनीबद्दल काय ध्यानात ठेवायचं. आकडा वाचण्याआधी बाळाचं वय वाच. बाकी सगळं त्यातूनच निघतं.

नेफ्रॉन, म्हणजे किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या बारीक चाळण्या, तयार होण्याचं काम गर्भाच्या 34 ते 36 व्या आठवड्यापर्यंत संपतं. एका किडनीत साधारण 10 लाख, माणसागणिक बरेच कमीजास्त. पुढे नवा नेफ्रॉन होत नाही, आहेत तेच वाढतात. पोटात असताना रक्त साफ करायचं काम वार करते, त्यामुळे बाळाच्या किडनीकडे रक्त थोडंच जातं. जन्मानंतर किडनीच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि गाळण्याचा वेग चढत जातो. पूर्ण दिवसांच्या बाळात तो सुरुवातीला मिनिटाला 20 मिलीच्या आसपास असतो (1.73 चौरस मीटर अंगाच्या हिशेबाने), दोन आठवड्यांत साधारण दुप्पट होतो आणि दोन वर्षांपर्यंत मोठ्या माणसाइतका.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंचा कचरा, किडनी तो गाळून टाकते (आकडे मिग्रॅ/डेसिलीटरमध्ये). पहिल्या दिवशीचं क्रिएटिनिन खरं तर आईचं असतं. आईचं 0.9 तर बाळाचंही जवळपास तेवढंच. घाबरू नकोस, पण ते उतरतंय ना हे बघ. दोन-तीन आठवड्यांत 0.4 च्या खाली यायला हवं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ते आधी थोडं चढतं आणि मग सावकाश उतरतं.

फसगत होते ती पुढे. दीड वर्षाचं मूल, लांबी 80 सेंमी, क्रिएटिनिन 0.8. लॅबच्या कागदावर मोठ्यांची मर्यादा छापलेली असते, म्हणून शेरा ‘नॉर्मल’. आता 0.413 या ठरलेल्या गुणकाला 80 ने गुण आणि 0.8 ने भाग: गाळण्याचा अंदाजे वेग 41 येतो. निम्म्याहून जास्त काम थांबलंय. तेच क्रिएटिनिन 0.3 असतं तर 110 आला असता. हे सूत्र एक वर्षावरच्या मुलांसाठी आहे, तान्ह्याला लावू नकोस.

पाण्याचं गणित मात्र रोज लागेल. तान्ह्याची किडनी लघवी पातळ छान करते, पण एका वेळी फार पाणी बाहेर टाकू शकत नाही. घट्ट करण्याची ताकद तर मोठ्यांच्या निम्मीच, ती वर्षभरात येते. मे महिन्याच्या उकाड्यात आजी म्हणेल, घसा सुकलाय, दोन चमचे पाणी पाजूया. तिला दटावू नकोस. आईच्या दुधात 87 टक्क्यांवर पाणीच असतं, सहा महिने तेवढं पुरतं, हे शांतपणे समजाव. वरच्या पाण्याने पोट भरतं, दूध कमी जातं, रक्तातलं सोडियम उतरतं, आणि बाळाला आकडी येऊ शकते.

उलटी चूकही तितकीच वाईट. लिटरभर पाण्याचं ओआरएसचं अख्खं पाकीट एका पेल्यात कालवलं, की मीठ चौपटीच्या वर जातं आणि ते बाहेर टाकायला किडनीला पाणी कमी पडतं. ‘नीट करता ना?’ असं विचारून काही कळत नाही. आईला घरचं भांडं आणायला सांग आणि तुझ्यासमोर कालवायला लाव.

दुपट्यावर गुलाबी-विटकरी डाग दिसला तर बहुधा ते रक्त नसतं, युरेटचे, म्हणजे लघवीतल्या युरिक आम्लाच्या क्षाराचे कण असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत चालतं. चौथ्या-पाचव्या दिवशीही दिसलं तर वजन कर. जन्मवजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर बाळ अंगावर पितंय कसं ते स्वतः बघ आणि सोडियम तपास.

लघवी मोजायला कोरडा डायपर आधी तोलून ठेव. वाढलेला एक ग्रॅम म्हणजे एक मिली. तीन किलोच्या बाळाला दिवसाला किमान 72 मिली, म्हणजे किलोला तासाला एक.

जेंटामायसिन हे जंतू मारणारं औषध किडनीतूनच जातं. तान्ह्यात दोन डोसांमधलं अंतर वाढवायचं, डोस बारीक करत बसायचं नाही. तो अर्धवट दिला तर जंतू मरत नाहीत. उलट्या-जुलाबाने सुकलेल्या मुलाला तापासाठी आयबुप्रोफेन नको. अशा वेळी प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलंच रसायन किडनीत शिरणारी रक्तवाहिनी उघडी धरून असतं, आणि हे औषध नेमकं तेच बंद पाडतं. पॅरासिटामॉल दे.

32 व्या आठवड्यात जन्मलेल्याच्या फाइलवर ते आठवडे ठळक लिही. अशी मुलं कमी नेफ्रॉन घेऊन मोठी होतात, म्हणून रक्तदाब दर भेटीत मोज, मूल तीन वर्षांचं होण्याची वाट न बघता. लहान कफने (दंडाला बांधायच्या पट्ट्याने) आकडा खोटाच जास्त येतो. दंडाच्या मापाचा नसेल तर रुजू होताच मागवून घे.