नानांच्या नावाच्या वसतिगृहात राहायला जाताना

चि. यास अनेक आशीर्वाद.

चर्चगेटला बी रोडवर मुंबई विद्यापीठाच्या जगन्नाथ शंकरशेठ वसतिगृहात तुला जागा मिळाली, हे वाचून फार आनंद झाला. मात्र कायद्याच्या वर्गात शंका विचारायची तर इंग्रजी वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो आणि मराठी माध्यमातून शिकल्याचे तू कोणाला कळू देत नाहीस, हे वाचून मला वाईट वाटले.

ज्यांच्या नावाच्या इमारतीत तू राहणार आहेस, त्या नानांनी, म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ यांनी, १८४७ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर ठाम भूमिका घेतली होती. शिक्षणाचा सरकारी कारभार पाहणाऱ्या मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे न्यायाधीश होते आणि शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे असा त्यांचा आग्रह होता. नाना स्वतः इंग्रजीत उत्तम वावरणारे, बड्या अधिकाऱ्यांत ऊठबस असलेले. तरीही सर्वसामान्यांपर्यंत ज्ञान पोहोचायचे तर ते त्यांच्याच भाषेतून पोहोचेल, या खात्रीने त्यांनी आणि बोर्डावरील इतर भारतीय सदस्यांनी पेरींना विरोध केला. याच नानांनी इंग्रजी शिक्षण देणाऱ्या एल्फिन्स्टन संस्थेच्या उभारणीसाठी कष्ट घेतले आणि १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा पहिल्या फेलोंमध्ये, म्हणजे विद्यापीठाचा कारभार पाहणाऱ्या सदस्यांमध्ये, त्यांचे नाव होते. मला यात विसंगती मुळीच दिसत नाही. इंग्रजी विद्या हवी आणि ती आपल्या लोकांपर्यंत आणण्यासाठी आपली भाषाही समर्थ हवी, असे मानणारा तो माणूस होता. मुलींना शिकवण्याला समाजाचा कडवा विरोध असताना, १८४९ मध्ये, त्यांनी गिरगावातील स्वतःच्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली, हे तर मला त्यांच्या सगळ्या कामांत मोठे वाटते.

तेव्हा इंग्रजी झटून शीक, त्यात कसूर नको. पण एखादा निकाल वाचून झाला की वादाचा मुद्दा काय होता आणि न्यायालयाने तो कोणत्या कारणाने सोडवला, हे वहीत चार ओळींत मराठीतून लिहीत जा. जिथे लेखणी अडेल, तिथे निकालच नीट समजलेला नाही असे समज आणि तो परिच्छेद पुन्हा वाच. उद्या तुझ्यासमोर बसणाऱ्या पक्षकाराला स्थगिती म्हणजे काय, हे तुलाच समजावून सांगायचे आहे.

एखाद्या सुटीच्या दिवशी टाउन हॉलमधील एशियाटिक ग्रंथालयात जा. तिथे नानांचा संगमरवरी पुतळा आहे, तो पाहा आणि ग्रंथालयाचे सभासद होण्याची चौकशीही त्याच फेरीत करून ये.

तुझा हितचिंतक