मुलाला दुबईला व्हिजिटवर पाठवू नका

प्रश्न : उदगीर तालुक्यातला शेतकरी आहे. मुलाची शाळा नववीत सुटली, प्लंबिंग येतं. गावातला एजंट दुबईत काम लावतो म्हणतो. दीड लाख ठरले. सोयाबीन विकून साठ हजार रोख दिले. पासपोर्ट त्याच्याकडेच आहे. ‘आता व्हिजिटवर जाऊ द्या, कामाचा व्हिसा तिथं करू,’ म्हणतो. पाठवू का?

उत्तर : नका पाठवू, भाऊ.

दहावी पास नसल्यामुळे मुलाचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा, असणार. अशा पासपोर्टवर यूएईसह (दुबई ज्या देशात आहे तो) 18 देशांत नोकरीला जायचं तर 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली सरकारची मंजुरी लागते. तेव्हा मालक, पगार, करार तपासतात आणि 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमाही काढावा लागतो. व्हिजिटची वाट ही तपासणी चुकवण्यासाठीच असते. विमानतळावर अडवलं तर पोरगं घरी तरी येईल. नाही अडवलं तर तिथं व्हिजिटवर काम करणं बेकायदा, पगार बुडाला तर दाखवायला करार नाही, आणि मुदत संपली की रोज दंड चढतो.

सरळ रीत अशी : आधी मालकाचं ऑफर लेटर, त्यावर कामाचं एंट्री परमिट, मग तिकडे मेडिकल, एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र) आणि रेसिडन्सी (राहण्याचा परवाना). तिथल्या 2021 च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाचा. आपल्याकडे नोंदणीकृत एजंटालाही 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. मग दीड लाख कशाचे? एजंटाचा नोंदणी क्रमांक मागा आणि ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर तपासा. ‘मुंबईच्या कंपनीचा माणूस आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, एजंटाला तो अडकवून ठेवता येत नाही. आजच लेखी मागा. देत नसेल तर पोलीस ठाणं गाठा. नोंदणीशिवाय परदेशी भरती करणं दखलपात्र गुन्हा आहे. एरवी एमिग्रेशन कायद्याखाली खटल्याला केंद्राची मंजुरी लागते, पण वडील म्हणून तुम्ही तक्रार केलीत तर लागत नाही. ठाण्यात ‘दिल्लीची परवानगी आणा’ म्हणाले तर याच कायद्याचं कलम 27 दाखवा. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहेच. पावती नसली तरी व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका, आणि पैसे देताना कोण हजर होतं त्यांची नावं आत्ताच लिहून ठेवा.

मुलाला 17 नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा) भरून दहावीला बसवा. पास झाला की पासपोर्टवरचा ईसीआर शिक्का काढता येतो. पण तेव्हाही कामाचा व्हिसा हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका.