चमकणाऱ्या बॅक्टेरियांनी सांडपाण्याचा विषारीपणा खरंच कळतो का? सांगलीसारख्या शहराला ते परवडेल का?

कळतो, आणि अर्ध्या तासात कळतो. ही सोय तेव्हा हाताशी असती तर माझं आमच्या वरिष्ठांशी इतकं वाजलं नसतं.

मिरजेजवळच्या एका लॅबमध्ये मी बरीच वर्षं पाणी तपासलं. एका उन्हाळ्यात कृष्णेच्या काठाला मेलेल्या माशांचा खच पडला आणि वरच्या अंगाला मिळणाऱ्या नाल्याचं सॅम्पल आमच्याकडे आलं. सीओडी, म्हणजे घाण रसायनानं जाळायला लागणारा ऑक्सिजन, भरमसाट; बीओडी, म्हणजे तीच घाण खाताना जंतू वापरतात तो ऑक्सिजन, मात्र अगदी कमी. साहेब म्हणाले, "बीओडी कमी आहे ना? मग पाणी चांगलं." मला पटेना. तेच सॅम्पल आणखी पातळ करून पुन्हा २७ अंशाला ३ दिवस ठेवलं. जितकं पातळ करावं तितका बीओडीचा आकडा चढत गेला. बाटलीतला ऑक्सिजन ज्यांनी खायचा ते जंतूच दाट सॅम्पलमध्ये मरत होते. विष पातळ झालं तेव्हा कुठे ते जगले. वही समोर ठेवली, तर उत्तर आलं, "डायल्युशन चुकलं असेल." रिपोर्ट पहिल्याच आकड्यावर गेला.

पुढे पुण्यात एका लॅबमध्ये अलीविब्रिओ फिशेरी हा चमकणारा जंतू पाहिला. दिवे घालवले की नळीतला निळसर-हिरवा उजेड नुसत्या डोळ्यांना दिसतो. झिंक सल्फेट घातलेली नळी शेजारच्या नळीपुढे मंदावत गेली. हा उजेड जंतूच्या श्वसनाशी बांधलेला, त्यामुळे विष बाधलं की उतरतो. जंतू समुद्रातला, म्हणून सॅम्पलमध्ये २ टक्के मीठ घालतात. १५ अंशाला ठेवून ५, १५ आणि ३० मिनिटांनी मोजतात. पद्धत नवी नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत निघाली, आयएसओ ११३४८ हे तिचं आंतरराष्ट्रीय मानक.

आपल्या नियमांतही नुसता बीओडी नाही. सांडपाणी पातळ न करता त्यात मासे सोडायचे, ९६ तासांनी ९० टक्के जगले पाहिजेत, अशी अट आहे. पण तोवर नाल्याचं पाणी खाली नरसोबाच्या वाडीच्या दिशेनं कधीच निघून गेलेलं असतं.

खर्चाचं म्हणाल तर कंपन्यांकडून दरपत्रक मागवा. सुकवलेले जंतू फ्रीझरमध्ये ठेवावे लागतात, तेव्हा विजेची सोय आधी बघा. आणि हो, गढूळ किंवा रंगीत पाणी उजेड अडवतं, क्लोरीन असेल तर आधी थायोसल्फेटनं मारावा लागतो. अमोनियाला हा जंतू फारशी दाद देत नाही, मासे मात्र त्यानं मरतात. मैलापाण्यात अमोनिया असतोच, म्हणून त्यात उजेड टिकला तरी निर्धास्त राहू नका. विष कोणतं, तेही यातून कळत नाही.

तुम्ही एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर असाल तर एकाच डायल्युशनवर बीओडी कधीच देऊ नका. आकडा चढत गेला तर रिपोर्टवर तसं लिहा. कुणी चूक म्हणालं तर त्याच दिवशीची ग्लुकोज-ग्लुटामिक ॲसिडची बाटली दाखवा; तिचा बीओडी किती यायला हवा ते आधीच ठाऊक असतं. माझी बरोबर आली होती. मग डायल्युशन चुकलं म्हणायला जागा कुठे उरली?