पझल पटापट सुटतात, मग मॅच का हरतो?

"मॅडम, दिवसाला बुद्धिबळाची 40-50 पझल सोडवतंय, रेटिंग 2000 च्या वर गेलंय म्हणतंय, आणि स्पर्धेत बारक्या पोरांकडून हरून येतंय, मोबाईल काढूनच घेऊ काय?" कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत आल्या आल्या आईनं एका दमात सांगितलं. तेरा वर्षांचा मुलगा शेजारी शर्टाचं बटण फिरवत बसलेला. (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

म्हटलं, हरलेला एक डाव मांडून दाखव. त्यानं भराभर मांडला. उंटानं एच-7 या घरातलं प्यादं मारून शह दिला, पण समोरच्याचा घोडा एफ-6 वर बसलेला, त्यानं उंट सरळ खाल्ला.

"घोडा दिसला नव्हता काय रे?"

"दिसलावता. पण पझलमध्ये उंट दिला की पुढं मात असतीच की."

मला इथंच कळलं. पझल उघडलं की निम्मं उत्तर हातात असतं, इथं काहीतरी भारी चाल आहे हे आधीच माहीत असतं. मॅचमध्ये हे कोण सांगणार? आणि बऱ्याचदा भारी चाल नसतेच, घोडा बऱ्या घरात नेऊन ठेवायचा एवढंच काम असतं. तालमीत जोडीदार कुस्तीतला ढाक डाव शिकताना उभा राहतो, खासबागेच्या कुस्ती मैदानात कोण राहतंय!

मग मी त्याला दहा पोझिशन दिल्या, काहींत भारी चाल होती, काहींत काहीच नव्हतं, आणि कुठं काय ते सांगितलं नाही. हात मांडीखाली ठेवायचे. आधी समोरच्यानं आत्ता काय केलं ते बघायचं, मग आपले शह, मारामारी, धमक्या, आणि मग त्याचं सगळ्यात चिवट उत्तर शोधायचं. चौथ्या पोझिशनला तो बराच वेळ गप्प बसला आणि हळूच म्हणाला, "इथं काय नाय." बरोबर होतं. त्याच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

त्याला बुद्धिबळपटू गुकेशचं सांगितलं. 2024 च्या जगज्जेतेपदाच्या लढतीच्या शेवटच्या डावात समोरच्या डिंग लिरेननं हत्ती एफ-2 वर आणून चूक केली, तर गुकेशला ती लगेच कळली नाही, तो दुसरीच चाल खेळणार होता, हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलं. तिथं क्षणभर थांबला म्हणून दिसली.

मोबाईल काढून घेऊ नका म्हटलं. पन्नासच्या जागी दहा पझल, पण शेवटपर्यंत डोक्यात बघूनच बोट लावायचं. वडिलांना वेगळं बोलावलं, कारण "घरात वाघ आणि पटावर शेळी" हे त्यांचं घरात रोज चालायचं आणि पोराला पराभवापेक्षा तेच जास्त लागलं होतं. ऐकून ते बराच वेळ खाली बघत बसले.

महिन्याभरानं आईचा फोन आला. त्या रविवारी तो परत एक डाव हरला होता, पण रडला नाही, घरी येऊन पट मांडला, आणि ज्यांना घोडा कसा चालतो एवढंच येतं ते वडील समोर बसून विचारत होते, "इथं काय आहे, का काय नाय?"