'वाळीत टाकणे' आणि 'ग्रामण्य'

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारले आहे: मुलाला धोंडो केशव कर्व्यांची माहिती वाचून दाखवताना 'गावाने त्यांना वाळीत टाकले' असे वाक्य आले. मुलाने विचारले, "कपडे वाळत टाकतात तसं?" सासूबाई म्हणाल्या, "हो, वाळलेलं पान गळतं ना, तसंच." हे बरोबर आहे का? आणि जुन्या लेखनातले 'ग्रामण्य' म्हणजे हेच का?

ताई, सासूबाईंची कल्पना सुरेख आहे, पण शब्दाचे मूळ तिथे नाही. मराठीत 'वाळणे' दोन आहेत. एक सुकण्याचे. दुसरे सकर्मक, अर्थ त्यागणे, बाहेर काढणे. तुकोबांच्या विराणीतली स्त्री म्हणते, 'वाळो जन मज म्हणोत शिंदळी'. लोक मला खुशाल टाकोत, हवे ते नाव ठेवोत, पण मी वनमाळीला सोडणार नाही. इथे सुकण्याचा प्रश्नच येत नाही. हे क्रियापद बोलण्यातून गेले आणि 'वाळीत' तेवढे मागे राहिले. म्हणून कपडे 'वाळत' आणि माणूस 'वाळीत'. लिहिताना ही सरमिसळ कटाक्षाने टाळावी.

'ग्रामण्य' मात्र वेगळे. ते अख्खे प्रकरण असते: धर्म बुडवल्याचा आरोप, गावात पडलेले दोन तट, शास्त्र्यांचे वाद, निर्णय आणि शेवटी प्रायश्चित्त किंवा बहिष्कार. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला तसाच ठेवला. हजर असलेल्यांची नावे गोपाळराव जोशांनी छापून आणली. (आपल्या कल्याणात जन्मलेल्या डॉक्टर आनंदीबाईंचे हेच यजमान.) यादीत रानडे, टिळक, गोखले! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनीही पुढे घेतले आणि सुधारक मंडळी त्यांच्यावर नाराज झाली. हे झाले ग्रामण्य. पनवेलला जन्मलेल्या प्रबोधनकार ठाकऱ्यांनी तर या ग्रामण्यांचा इतिहासच लिहिला.

कर्व्यांच्या वाट्याला आले ते थेट वाळीत टाकणे. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या विधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्यांच्या गावी, कोकणातल्या मुरूडला, सभा भरली आणि ठरले, की कर्व्यांबरोबर कोणी बसू नये आणि ते आपल्या घरी राहिले तर त्या घरालाही बहिष्कार. म्हणजे शिक्षा आईला आणि भावाला! वाळीत पडलेल्या घरी भटजी येत नसे, पंगतीत पान मांडले जात नसे, मुलींच्या सोयरिकी अडत, मयताला खांदा मिळत नसे. प्रायश्चित्त घ्यायला रानड्यांसारखा माणूसही का तयार झाला, हे समजायला हा तपशील डोळ्यांसमोर ठेवावाच लागतो. एकट्याने सोसणे वेगळे आणि घरच्यांना सोसायला लावणे वेगळे.

याच कुळातला एक शब्द तुम्ही रोज ऐकता: घटस्फोट. मूळ अर्थ नवरा-बायकोचा नव्हे. पतित ठरलेल्या माणसाच्या नावाने पाण्याचा घडा फोडायचा आणि जिवंतपणीच त्याचे मृत्युसंस्कार करायचे, तो हा विधी. काडीमोडाचा अर्थ त्याला नंतर चिकटला.

'ग्रामण्य' आता पुस्तकातच भेटते. 'वाळीत' तसे नाही. रायगडच्या गावांतून गावकीने कुटुंबे वाळीत टाकल्याच्या तक्रारी याच शतकात पोलिसांत गेल्या आहेत आणि त्यापायी २०१६ चा कायदा झाला, तो २०१७ पासून लागू आहे. कायद्यात शब्द 'सामाजिक बहिष्कार' असा आहे. तेव्हा कोणाला अर्ज लिहून द्यायची वेळ आली, तर 'वाळीत टाकले' हे आपले शब्द जरूर लिहावेत आणि शेजारी 'सामाजिक बहिष्कार' हेही लिहावे.