तळटीपा नव्हे, तळटिपा. आणि शिंप्याची टीप

प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: वर्डमधल्या फूटनोटला तळटीप म्हणायचं की पादटीप? एंडनोटला 'अंतिम टीप' चालेल का? आणि अनेकवचन तळटीपा की तळटिपा?

शेवटचं आधी घेतो, कारण ते रोज डोळ्यांत खुपतं. तळटिपा. टि ऱ्हस्व. वीट-विटा, जीभ-जिभा, चूक-चुका, तशी टीप-टिपा. तळटिपेत, तळटिपांमध्ये. 'तळटीपा' लिहिणारी माणसं 'वीटा' कधी लिहीत नाहीत, मग बिचाऱ्या टिपेनेच काय केलं?

'अंतिम टीप' अजिबात नको. अंतिम टीप म्हणजे सगळ्यांत शेवटची, एकच. प्रकरणाच्या किंवा ग्रंथाच्या अखेरीला एकत्र येतात त्या अंत्यटिपा. 'पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या तळटिपा' हेही सर्रास कानावर पडतं. पानाच्या तळाशी नाही ती तळटीप कशी? राहिली पादटीप. हिंदीत पादटिप्पणी रुळली आहे आणि तिथे ती शोभते. मराठी कानाला मात्र 'पाद' म्हटल्यावर पाय आधी आठवत नाही. वर्गात हा शब्द मोठ्याने उच्चारलेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. तळटीप हाच शब्द घ्या.

आता टीप. खरी गंमत इथे आहे.

संस्कृताचे अभिमानी सांगतात की मूळ शब्द टिप्पणी आणि टीप हा तिचा झिजलेला तुकडा. मला हे मुळीच पटत नाही. संस्कृत कोशात ट-ने सुरू होणारे शब्द काढून बघा, दोन-चार पानांत संपतात. त्यातही असा जोडीचा 'प्प' दिसला की लोकभाषेतला शब्द पंडितांनी उचलून संस्कृताच्या पंगतीला बसवल्याचा संशय यायलाच हवा. शेजारच्या टीका या शब्दाशी ताडून पाहा. टीका तत्सम, म्हणून तिची 'टी' टीकेतही दीर्घच राहते. टीप मात्र टिपेत गेली की ऱ्हस्व होते, म्हणजे मराठी व्याकरण तिला घरचीच मानतं. (जाता जाता: 'शके बाराशतें बारोत्तरें। तैं टीका केली ज्ञानेश्वरें' इथे, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, टीका म्हणजे अर्थ उलगडून सांगणं होतं. आज टीका म्हटलं की ती कुणावर तरी झालेली असते. टिपेचं असं काही झालं नाही, हे तिचं भाग्य.)

घरचं मूळ कोणतं? टिपणे. चिमणी दाणे टिपते. टीपकागद शाई टिपतो. पदराने डोळे टिपतात. कारकून बोललेलं टिपून घेतो. भूमापनातलं टिपण तर जमिनीचीच मापं टिपून ठेवतं. या सगळ्यांत एकच हालचाल आहे: टोकाने अलगद स्पर्श करून नेमकं तेवढंच उचलणं. आणि ही हालचाल सगळ्यांत स्पष्ट दिसते ती शिवणयंत्रावर. 'काठाला एक टीप मारून द्या' असं आपण शिंप्याला म्हणतो ना, तीच ही टीप, असं माझं ठाम मत आहे. शिवणाची टीप आणि नोंदीची टीप यांची मुळं वेगळी, असं सांगणारे जाणकार मला भेटतात. सुईचं टोक आणि बोरूचं टोक यांत त्यांना इतकं अंतर का दिसतं, हे मात्र त्यांच्यापैकी कुणी मला समजावून दिलेलं नाही.

शिवणयंत्राच्या टिपेत दोन दोरे असतात, एक वरचा आणि एक खालच्या बॉबिनचा. सुई खाली जाते, दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात, म्हणून शिवण पक्की बसते. तळटीप नेमकी अशीच असते: मजकुरात वर चिकटवलेला आकडा, खाली नोंद, दोन्ही एकमेकांत गुंतलेले. तुमच्या वर्डमध्येही हेच घडतं. रेफरन्सेसमध्ये जाऊन इन्सर्ट फूटनोट दाबा, किंवा विंडोजवर आल्ट-कंट्रोल-एफ. अंत्यटिपेसाठी आल्ट-कंट्रोल-डी. परिच्छेद उचलून दुसऱ्या प्रकरणात नेला तर टीप त्याच्याबरोबर जाते आणि आकडे आपोआप पुन्हा लागतात. टीप उसवायची तर मजकुरातला आकडाच पुसावा लागतो. नुसती खालची नोंद खोडली तर आकडा वर लोंबत राहतो. अगदी एक दोरा ओढल्यासारखं.

गेल्या महिन्यात मी एक प्रबंध तपासला. त्यातल्या सगळ्या 'तळटिपा' पानाच्या तळाशी हाताने टंकलेल्या होत्या, रेघसुद्धा डॅश ओढून काढलेली. वरच्या परिच्छेदात चार ओळींची भर पडली आणि खालच्या नोंदी पुढच्या पानाच्या मध्यावर जाऊन बसल्या. ही टीप नव्हे, हा कच्चा धावदोरा. दोन वर्षांच्या मेहनतीची अशी उसवण बघून वाईट वाटलं, कारण त्या नोंदी स्वतः फार चांगल्या होत्या.

आपल्या हस्तलिखितांत तर टीप तळालाच असली पाहिजे असंही नव्हतं. त्रिपाठ पोथीत मूळ मजकूर मध्ये आणि टीका वर-खाली, पंचपाठ पोथीत टीका चहूबाजूंनी. ओळीत काही राहून गेलं तर तिथे काकपद काढायचं, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी खूण, आणि सुटलेलं समासात लिहायचं. पाखराची चोच दाणा टिपते आणि पाखराचाच पाय जागा दाखवतो. इंग्रजांनी पानाला पाय कल्पून फूटनोट केली, आपल्या लेखनिकांनी खुणेलाच पाय दिला.

हो, एक राहिलं. अंत्यटिपा घातल्यावर वर्ड आपल्या मनाने बारीक रोमन आकडे लावतं. ते फूटनोट-एंडनोटच्या खिडकीत नंबर फॉरमॅटमधून बदलून घ्या. देवनागरीत शिरोरेषेच्या वर आधीच वेलांट्या, मात्रा आणि रफार यांची दाटी असते. त्यात तो इवलासा रोमन आकडा वाचणाऱ्याला दिसतही नाही.