सदारंगांच्या पुढ्यात पेटी

प्रश्न : नाना, मी फैजपूरला घरीच गाण्याची शिकवणी घेते. सात मुली येतात. मला गुरुजींनी दिलेली पहिली बंदिश, म्हणजे रागात बांधलेली चीज, सदारंगांची, भीमपलासी रागातली. म्हणून शिकवणीच्या खोलीत त्यांची तसबीर लावायची फार इच्छा होती. मोबाइलवर एक चित्र सापडलं, त्याचं तीन बाय चार फुटांचं फ्लेक्स करून आणलं. गुरुजींनी पाहिलं आणि नुसते हसले. फोटो सोबत पाठवते आहे. काय चुकलं? आणि आता भिंतीवर काय लावू?

उत्तर : ताई, तुमचे गुरुजी सज्जन आहेत, नुसतेच हसले. मी फोटो पाहिला आणि चहा सांडला. दाढी झकास, अंगरखा झकास, पण बुवांच्या पुढ्यात पेटी, म्हणजे हार्मोनियम आहे हो! सदारंग म्हणजे नियामत खाँ, मुघल बादशहा मुहम्मदशाह रंगील्याच्या दरबारातले बीनकार. हा बादशहा 1719 ते 1748 गादीवर होता. पेटी त्यानंतरच्या शतकातली, तीही पॅरिसात जन्मलेली. बीनकाराच्या हातात बीन हवी, म्हणजे दोन तुंब्यांची रुद्रवीणा, गारुड्याची पुंगी नव्हे.

चेहऱ्याची खात्री नसेल तर चेहरा लावूच नये, असं माझं मत. त्यात सदारंगांनी तुमची सोय करून ठेवली आहे. स्वतःचं नाव ते बंदिशीतच गुंफून गेलेत. तुमच्या बंदिशीचा अंतरा, म्हणजे दुसरा भाग, म्हणून बघा, नाव सापडलं तर तीच त्यांची सही. ती बंदिशच भिंतीवर लावा, पं. भातखंड्यांच्या स्वरलिपीत, म्हणजे स्वर लिहायच्या त्यांच्या पद्धतीत. शिकवणीच्या मुलींना रोज दिसेल, कामालाही येईल.

मी अमळनेरला चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्यामुळे कृती पाट्यावाल्याचीच सांगतो. एक वार पन्ह्याचा कोरा मांजरपाट पाच फूट घ्या. धुऊन, खळ काढून, चौकटीवर ताणून पांढऱ्या प्रायमरचे दोन हात द्या. मग गेरूत बुडवलेला दोरा ताणून टिचकी मारायची, रेघ सरळ उमटते. तीनताल सोळा मात्रांचा, म्हणून तीन-तीन इंचांची सोळा घरं, म्हणजे चार फूट. दर चार घरांनंतर उभी रेघ. प्रत्येक आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेऱ्याला, सात इंच उंची ठेवा : वर स्वर, खाली बोल, त्याखाली तालाच्या खुणा. स्थायीच्या, म्हणजे पहिल्या भागाच्या, दोन ओळी, अंतऱ्याच्या दोन, एवढ्यात बसत असेल तर कापड पुरतं आणि दुमडायलाही उरतं.

यातली गंमत सांगतो. मध्यलयीच्या कितीतरी बंदिशी समेपासून, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेपासून, न उठता खालीपासून, नवव्या मात्रेपासून उठतात. तुमची तशी असेल तर ओळीखाली खुणा ० ३ × २ (० म्हणजे खाली, × म्हणजे सम, आकडे टाळ्यांचे) अशा येतील आणि सम पडेल बरोबर मधे, नवव्या घरात. सगळं काळ्या रंगात लिहा आणि समेचं तेवढं घर शेंदरी करा. चार ओळींत चार शेंदरी घरं एकाखाली एक येतात. दुसरी नक्षी लागत नाही.

पेंटरला देणार असाल तर मात्र उशाशी बसून करून घ्या. आमच्या जातीची खोड अशी, की अक्षरं शेजारी दिसली की वरून एकच शिरोरेघ ओढायची. ‘सा रे ग’चा ‘सारेग’ होतो आणि तालाच्या मात्रा गिळल्या जातात. दुसरं, कोमल स्वराखालची आडवी रेघ, ती गेली की स्वर शुद्ध वाचला जातो. भीमपलासीत ग, म्हणजे गंधार, आणि नी कोमल. मी माझ्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात अशीच एक भीमपलासी भिंतीवर थेट रंगवली होती. शेवटचा हात देताना त्या रेघा मला डागासारख्या वाटल्या, पुसून टाकल्या. एक गाणारे पाहुणे जेवायला बसले, घास हातात धरून भिंतीकडे बघत राहिले नि म्हणाले, “काय भो नाना, गंधार शुद्ध करून टाकला का?” दुरुस्त करीन करीन म्हणता पावसाळा आला, धाबं गळलं आणि अंतरा ओघळून गेला. म्हणून तुम्हाला कापड सांगतोय. मंद्र (खालच्या) सप्तकाचे खालचे टिंब आणि तार (वरच्या) सप्तकाचे वरचे टिंबही गुरुजींकडून तपासून घ्या, रंगवण्याआधी, पेन्सिलीच्या वेळीच.

पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका. आपल्याकडे मे महिन्यात ती भिंत दिवेलागणीलाही हाताला चटका देते, चिकटपट्टी दोन दिवस टिकत नाही. खिळे ठोका. मुली खाली बसून गातात, तेव्हा उंची बसलेल्या डोळ्यांच्या हिशोबाने धरा.

फ्लेक्सचे पैसे गेले म्हणून हळहळू नका. मळ्यात ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवल्या असतील तर त्यांच्यावर झाकायला ते उत्तम. फक्त उलटं घाला, बुवांना ऊन लागायला नको.